अर्ध्यावर सोडलेला अंतिम सामना

बाई, काल चांद्याच्या कॉलेजात मैदानाला तुमच्या नावाची पाटी लावली. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. तुमच्या हाताखालच्या कितीतरी जणी आल्या होत्या. कुणी चिमूरच्या शाळेत खेळ शिकवते, कुणी गोंडपिपरीला, आणि त्यांच्या पोरी आता बाहेरच्या स्पर्धा जिंकून येतात. प्रत्येकीनं नागपूरचा तो एकच सामना सांगितला आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवत राहिले. फोटोला हार घालताना काहीतरी वाटेल अशी माझी समजूत होती. काही वाटलं नाही. हाराचा दोरा ओला होता, एवढं लक्षात आहे.

स्वातंत्र्य मिळून काहीच वर्षं झाली होती तेव्हा. कॉलेजात मुली मोजक्या, आणि मुलींचा खो-खो म्हणजे लोकांना चेष्टेचा विषय. मी पोंभुर्ण्याकडची ढिवराची पोर, चांद्याला मामाकडे राहून शिकत होते. तुम्ही आमच्या कॉलेजात खेळ शिकवायचात. मला पळताना पाहिलं आणि सुटीत थेट आमच्या घरी आलात. बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. पोरगी चोळणा घालून चारचौघांत पळणार, हे त्यांना पटेना. तुम्ही खालीच बसलात आणि म्हणालात, "भाऊ, पोरगी तुमचीच राहीन. मले फक्त तिचे पाय पाहिजे." बाबा हसले नाहीत. माय आतूनच म्हणाली, "जाऊ द्या ना तिले." तेवढ्यावर माझं ठरलं.

तुमचा आवाज कडक होता. पळताना मागे वळून पाहायची मला खोड होती. एकदा तुम्ही सगळा खेळ थांबवून ओरडलात, "मांगं काऊन पाहून राह्यली? तिची पावलं आयकू येत नाई का तुले?" मला राग आला होता, पण त्यानंतर मी कानानं पळायला शिकले. नागपूरचा चषक आपण आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला. चेष्टा करणारेच मग स्टेशनवर हार घेऊन उभे राहिले.

आणि त्यानंतरच्या वर्षीचा, नागपूरचाच तो अंतिम सामना. पहिला डाव संपला आहे, आपण पुढे आहोत, मी पाणी पिते आहे. माझा मोठा भाऊ मैदानाच्या कडेनं येतो, धुळीनं माखलेला. माझ्याकडे न येता तो तुमच्याकडे जातो. तुम्ही ऐकून घेता, गळ्यातली शिट्टी काढता आणि माझ्यासमोर येऊन बसता. "तुझी माय गेली, पोरी. तापानं. आपण घरी चाललो." पंच म्हणाले, भाऊ आलाच आहे तर त्याच्याबरोबर पाठवा आणि राखीव खेळाडू उतरवा. तुम्ही म्हणालात, "त्याचीबी मायच गेली. त्याले कोण धरन? अन् बाकीच्या पोरी इथी कोणाच्या भरोशावर सोडू?" मग सगळा संघच तुमच्यामागून निघाला. आगगाडीनं चांदा, तिथून बैलगाड्या. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. उन्हाचं थांबता आलं नाही, बाबा म्हणाले. मायचं तोंड मला दिसलं नाही. "बाई, तुमचा खेळ होता ना? तुमी काऊन आल्या?" बाबांनी विचारलं. "खेळ होत राह्यते, भाऊ," तुम्ही म्हणालात, आणि शेजारणीच्या चुलीवर भात रांधून बाबांना बळंच दोन घास खायला लावले.

प्राचार्य चिडले. कॉलेजातला मुलींचा खो-खो बंद झाला. मला तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. गावाबाहेरच्या पडीक जागेवर शाळेतल्या पोरी गोळा करून तुम्ही पहिल्यापासून सुरुवात केलीत. काल आलेल्या बहुतेक जणी त्या जागेवर घडलेल्या.

शेवटी मलाही बोलायला उठवलं. "बाईंनी माझ्यासाठी चषक सोडला," एवढं बोलून मी बसले. टाळ्या झाल्या. ते खोटं नाही, पण तेवढंच खरंही नाही. हे पत्र धाडायला ठिकाण उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही समोर बसून माय गेल्याचं सांगितलंत, तेव्हा पुढच्या डावात आधी कुणाला बाद करायचं हे मी मनाशी ठरवत होते, आणि ऐकल्यावरही ठरवतच राहिले. तुम्ही विचारलं असतं, तर मी खेळले असते.