आतला आवाज

रिठद,
२० सप्टेंबर २०२४

प्रिय वैजूताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. महालक्ष्म्या छान झाल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी सगळ्या भाज्या त्यांनीच केल्या. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. बाळ आता कुशीवर वळतं आणि वळलं की स्वतःच दचकतं.

समुपदेशनाला गेलीस का, असं तू विचारलं होतंस. आधी सरांचं सांगते.

बाळंतपणानंतर मी कॉम्प्युटर क्लासवर शिकवायला परत जाईना, साधी वेणी घालायला उठेना, तेव्हा यांना कुणीतरी वाशीमच्या एका लाइफ कोचचं नाव सांगितलं. मी तुझं म्हणणं यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "समुपदेशन येड्याइले लागते. तू काय येडी हाय का? तू फक्त अडकली. सर बरोबर मार्गी लावतात." मलाही ते बरं वाटलं. नुसतं अडकलेलं असणं किती सोपं!

मंगल कार्यालयात शिबिर होतं. सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. म्हणाले, "आतला आवाज ऐका. तो सांगेल ते करा, घाबरू नका." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

ताई, मला आवाज खरंच येतो.

बाळ झाल्यापासून येतो. बाईचा आहे, ओळखीचा नाही. आधी नुसती माझ्या नावाने हाक यायची.

मग तुझं ऐकलं. लसीचं निमित्त करून बाळाला घेतलं आणि सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे गेले. त्यांनी ध्येय विचारलं नाही. झोप लागते का, जेवण जातं का, ते विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "कोणी बोलल्यासारखं ऐकू येतं का? काय म्हणतं?" मी "नाही" म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं. "इथेच बसा, डॉक्टरांना बोलावते," म्हणून त्या उठल्या आणि मी बाळाला घेऊन सरळ बस गाठली.

काल बाळाला न्हाऊ घालत होते. आवाज म्हणाला, "सोड तिले." रागाने नाही गं. हातातलं पातेलं खाली ठेव म्हणावं, इतक्या सहज. माझे हात सैल व्हायला लागले. तेवढ्यात शेजारच्या भागिरथाकाकू विरजण मागायला आल्या. मी ओलं बाळ त्यांच्या पदरात टाकलं आणि म्हटलं, "हिले तुमच्याकडं ठेवा." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला पदरात गुंडाळलं आणि त्या तिला घेऊन गेल्या.

आज सकाळी यांना सगळं सांगितलं. यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "सरले विचारून पाहू का?"

म्हणून लिहितेय. फोन करू नकोस, फोनवर ती आवाजातली बाई मध्येच बोलते आणि मी तुला सगळं बरं आहे म्हणून सांगते. लिहिताना ती गप्प असते. धाकटे दीर, विकास, अकोल्याला निघालेत, त्यांच्या हाती चिठ्ठी देते. वाचलीस की लगेच नीघ. मला त्या मॅडमकडे ने आणि डॉक्टर येईपर्यंत माझा हात सोडू नकोस.

तू येईपर्यंत बाळ काकूंकडेच राहील. मी रडत दारात आले, पाया पडले, तरी देऊ नका, असं त्यांना सांगून ठेवलंय.

तुझी,
आत्ता हे लिहितेय ती,
योगिनी