बोटाएवढी अक्षरं

कारंजा, श्रावण वद्य पंचमी, सायंकाळ

मुंबईचं सारं ठरवून झालं होतं. मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी, पुढे मोठी, तिथं चार दिवस धर्मशाळेत. राणीची बाग आमच्या कुसुमसाठी, समुद्र तिच्या आईसाठी. पुसट दिसायला लागल्यापासून ही एकच गोष्ट म्हणते, एकदा समुद्र पाहायचा होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळीपर्यंत नजर टिकली तरी पुष्कळ. म्हणून तर घाई. सगळा बेत कागदावर बोटाएवढ्या अक्षरांत लिहिला, तिला वाचता यावा म्हणून.

आज 'मुंबईचा बेत आहे, वाच' एवढंच म्हणून कागद हातात दिला. तिनं तो दारात उजेडाला धरला. बराच वेळ. मग घडी घालून म्हणाली, "मले नाही येता येत. कार्तिकी पुनवेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, असा नेम घेतला मंदिरात."

"मले विचारलं काहून नाही?"

"डोळ्यांसाठीच घेतला. त्यात काय विचारू? तुमी दोघं जाऊन या, मले सांगजा."

डॉक्टरांचं बोलणं तिला कधी सांगितलंच नाही मी. आता सांगू? नेम मोडायला लावला आणि मग नजर गेली, तर जन्मभर स्वतःलाच दोष देईल. नाही मोडला तर समुद्र गेला. काय करू?

हे लिहितो आहे तोच चुलीजवळून तिचा आवाज आला. कुसुमला हळूच म्हणत होती, "वाच वं बाई, बाबानं काय लिहिलं त्या कागदावर."

बोटाएवढी अक्षरं होती.