उसनं माहेर

तेलगाव,
रविवार, ९ ऑगस्ट २०१५

बायडाअक्का,

सारजाचा नमस्कार. कड्याला दाजी, लेकरं समदे खुशाल असतील. दाजींची कारखान्यावरची ड्युटी अजून रातचीच हाय का? जागरणानं पित्त वाढतं त्यांचं, जपा म्हणावं.

इकडचं काय सांगावं! आभाळ रोज भरून येतं अन् परळीच्या वीजकेंद्राच्या राखेवाणी नुसतंच उडून जातं. टँकर आठवड्यातून एकदा, त्यात बी झिंज्या उपटायची पाळी. दूध सोसायटीची सकाळची गाडी बंद झाली. दूधच न्हाई तर गाडी येऊन काय करील? तुमचे भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीवर हायेत. मधी कवातरी येतात, भाकरी बांधून घेतात, आईच्या पायावर डोकं ठेवतात अन् जातात. घरात आमी दोघीच.

फोन असताना कागद कावून लिहिती, असं तुम्हाला वाटंल. फोनवर तुमी ‘मायला दे’ म्हणता अन् म्या ‘झोपल्यात’ म्हणते. तोंडानं खोटं लई लवकर निघतं. कागदावर जरा थांबावं लागतं. शहादेवची जीप आज कड्याला चाललीय, त्याच्याच हातानं देते.

अक्का, मागं तुमी इचारलं व्हतं, ‘माय मला वळखील का गं?’ म्या म्हणलं, ‘न्हाई, आता कुणालाच वळखत न्हाईत. पंचमीला बी येऊ नका, पाण्याचे लई हाल हायेत.’ तुमी फोनवरच रडल्या.

ते खोटं हाय. त्या इसरल्या असतील तर मला इसरल्या. तुम्हाला न्हाई. सकाळी डोळा उघडला की ‘बायडे’, रातच्याला पांघरूण घातलं की ‘बायडे’.

अन् ओ म्या देते.

कसं झालं ते सांगते. उन्हाळ्यात त्या न्हाणीत पडल्या, तवापासून त्यांचं समदं माझ्याच हातानं हाय. एका तांब्यात फडकं भिजवून अंग पुसत व्हते. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. ‘बायडे, कवा आलीस? लई वाळलीस गं.’ म्या म्हणायला पायजे व्हतं, आत्याबाई, म्या सारजा. तोंडातून निघालं, ‘सकाळीच आले गं माय.’

माय! अक्का, हा शब्द म्या जल्मात कुणाला म्हणला नव्हता. माझी आई म्या रांगत असतानाच गेली. चुलत्यानं वाढवलं अन् उजवून मोकळा झाला. पंचमीला गावातल्या समद्या सुना माहेरी जायच्या, तुमी इकडं यायच्या, अन् म्या तुमच्यासाठी पुरणाचे दिंड उकडायची. आत्याबाई तुम्हाला उंबऱ्यात बसवून वेणी घालायच्या. म्या चुलीपुढून बघायची. तवा राग नव्हता आला, खरं सांगते. नुसतं बघू वाटायचं.

आता त्या माझी वेणी घालतात. हात कापतो, भांग पार कानाकडं जातो. खोबरेल चोळून चोळून डोक्याचा चिकटा झालाय, धुवायला पाणी कुठलं आणावं! कामाला हात लावू देत न्हाईत. ‘सासरी मरमर मरतीस, हितं निवांत बस. ती सारजी कुठं उलथली? तिला म्हणावं, भांडी घास.’ मग ‘सांगते तिला’ म्हणून म्या मागल्या दारानं जाते, भांडी घासते, धुणं आवरते, अन् पदर सारखा करून पुढल्या दारानं लेक होऊन आत येते. एकदा म्हणलं, ‘माय, सारजा तशी वाईट न्हाई गं.’ तर म्हणतात कशा, ‘तू लई भोळी हायस. तिनं तुला बी गुंडाळलं.’ तोंडात पदर घालून हसले म्या. अन् मग हसू येईना. खरंच की, गुंडाळलंच तुम्हाला.

शेजारची चंद्रभागाबाई चारचौघीत सांगती, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची न्हाई. मला तोंड कुठं लपवावं कळत न्हाई. हगणं-मुतणं काढलं, डोक्यावर पाणी आणलं, हे खरं हाय. पर त्याचे कष्ट मला वाटलेच न्हाईत. रातच्याला त्यांच्या कुशीत निजते तवा त्या माझ्या पाठीवर थोपटतात. एवढी सुखात म्या लग्नाच्या मांडवात बी नव्हते. अन् ते सुख तुमच्या नावानं आलेलं. तुम्हाला दारात आडवून म्या ते खाल्लं.

गेल्या आठवड्यात त्यांनी माझा उजवा हात उलटा केला अन् इचारलं, ‘डाग कुठं गेला?’ तुमच्या मनगटावर लहानपणी उकळतं दूध सांडलं व्हतं, तो डाग. म्या म्हणलं, ‘बरा झाला माय, गेला.’ म्हणल्या, ‘असा कसा जाईल? माझ्याच हातनं सांडलं व्हतं.’ तवापासून रोज हात घेतात, बोटानं चाचपतात अन् रडतात. आता तर कालवणात कुस्करलेली भाकर बी तोंडात घेईनात. ‘बायडी आली का? तिचा हात बघू दे,’ एवढंच. म्या समोर बसलेली असते.

परवा सैपाक करताना उलथनं चुलीतच राहिलं, लालबुंद झालं. म्या मनगट पुढं केलं, अक्का. खरंच केलं. एक चटका, की त्या जेवल्या असत्या अन् म्या लेक राहिले असते. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘बायडे, माझं चुकलं गं. तुला लई भाजलं.’

ते माझ्यासाठी नव्हतं. एवढं दिस त्यांचं समदं घेतलं, पर हे घेता येईना. उलथनं राखेत फेकलं, अन् माझंच मला लई भ्या वाटलं.

अक्का, पंचमीची वाट बघू नका, उद्याच निघा. डाक्टर म्हणले, अन्न सुटलं तर मग काय खरं न्हाई. पाण्याची फिकीर करू नका, आमी दोघी जगलो तशा तिघी जगू. आल्या आल्या हात त्यांच्या हातात द्या. त्या जे बोलतील ते पुरतं बोलू द्या, ‘जाऊ दे माय’ म्हणून मधीच तोडू नका. लई दिसापासून साठवलंय त्यांनी.

मला जे बोलायचं ते अंगणात बोला. शिव्या द्या, भावाला सांगा, म्या खाली मान घालून ऐकीन. माफी मागत न्हाई, कारण ती खोटी व्हईल. उद्या त्यांनी पुन्हा ‘बायडे’ म्हणलं तर म्या ओ देणार न्हाई, असं मला शपथेवर सांगता येत न्हाई. म्हणून तर म्हणते, लवकर या.

तुमी आल्यावर म्या त्यांना आत्याबाईच म्हणीन.

तुमच्या मायची सून,
सारजा