मागच्या दाराची नोंद

३ मार्च
बसवलं एकदाचं यंत्र! आता दुकानातल्या प्रत्येक शर्टाला रेडिओचा टॅग — नखाएवढी चिप. पैसे न देता पुढच्या दारातून नेला की बोंब ठोकतं. मागचं दार मात्र मुकं. तिथे नुसती नोंद होते — कोणता शर्ट, किती वाजता. मालाची मोजणी म्हणे पाच मिनिटांत! आम्ही नवराबायको त्यात अख्खा रविवार घालवायचो, तरी आकडा कधी जुळायचा नाही. वर भांडण फुकट.

४ मार्च
पहिला चोर सापडला — मी! अंगातल्या नव्या शर्टाचा टॅग काढायचा राहिला आणि गिऱ्हाइकांसमोर शोभा झाली. मामंजी हसून हसून खोकले. दुकान त्यांनीच उभं केलेलं. आता नुसते खुर्चीत बसतात, पण एक दिवस चुकवत नाहीत.

११ मार्च
नऊ शर्ट गायब. सगळे मागच्या दाराने, दुपारी एक ते दोनमध्ये. त्या वेळी त्या दाराने जातात ते टेलरमास्तर, डबा खायला. अठरा वर्षं आमच्याकडे बाह्या आखूड करणारा माणूस!

हे म्हणाले, नीट विचार. मी नीट विचारलं नाही, हे इथे तरी कबूल करते. मास्तरांनी नोंदीचा कागद पाहिला, चष्मा पुसला. "यंत्र म्हणतंय तर असेल, ताई." ना हो, ना नाही. आपली कात्री उचलली आणि गेले. म्हटलं, खाई त्याला खवखवे.

१४ मार्च
नवा टेलर मिळेना. गिऱ्हाइकं लांब बाह्या बघून परत जातात. ह्यांचा अबोला. बरंच आहे, वाद तरी नाही.

१७ मार्च
पुन्हा तीन शर्ट! मास्तर नसताना! त्यात मामंजींना कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आणून सोडलं. वाट चुकले होते म्हणे. आपल्याच गल्लीत?

१८ मार्च
जेवण सोडून मागच्या दाराशी खोक्यांआड बसले. सव्वाला मामंजी आले, बगलेत दोन शर्ट. विचारलं, कुठे निघालात?

"दुकान उघडायला. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

जुनं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. विकून अकरा वर्षं झाली. तिथे आता चष्मे मिळतात. मी मागोमाग गेले. त्या पायरीवर उभं राहून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला नजरेनंच जोखून शर्ट दिले — अगदी मापाचे! मग इकडेतिकडे बघत राहिले. मी हात धरला.

"आज मास्तर नाही आला न्यायला?"

१९ मार्च
मास्तरांच्या घरी गेले. पाय धरायचेच बाकी ठेवले. वर्षभर डबा तसाच ठेवून तेच मामंजींना हाताला धरून परत आणत होते. विचारलं, एका शब्दाने का नाही बोललात?

"बोललो असतो तर त्यांचं दुकान बंद झालं असतं, ताई."