चौथा वॉल्व्ह

१६ फेब्रुवारी
बाबांनी आज ट्युबा, त्यांचा बँडमधला सगळ्यात मोठा पितळी बाजा, माळ्यावरून उतरवला. दिवाळीनंतर पहिल्यांदा! सोयाबीनच्या थ्रेशरने उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली, तेव्हापासून तो वरच होता. फुंक तीच आहे. पण बोटांनी दाबायचे वॉल्व्ह तीन आणि कामाची बोटं दोन — खालचे सूर निघेचनात. पुसला, परत वर ठेवला. जेवले नाहीत. १४ एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत अख्खी आर्णी ज्यांच्या मागे चालते, ते यंदा घरी बसणार. मला नाही बघवत.

१८ फेब्रुवारी
माझा भाऊ अतुल फ्रिज-एसीची कामं करतो, नळ्या जोडण्यात त्याचा हात बसलेला. आधी तिसऱ्या वॉल्व्हला तार बांधून डावीकडून ओढून पाहिली. अडकते. मग म्हणाला, "चौथाच बसवू, डाव्या हाताले. मोडक्या युफोनियमचा, त्या लहान बाजाचा, हाय नं." म्हणजे ट्युबा कापायचा!
बाबा उसळले. "हात लावू नको! माह्या बापानं गावकीचं डफडं सोडलं, तवा हा घेतला."
आजोबांची ही गोष्ट घरात लाख वेळा झाली आहे. आज मात्र सांगताना बाबांनी ट्युबा अतुलच्या हातातून ओढून घेतला.

२ मार्च
"कापा," म्हणाले बाबा. एवढंच.

१७ मार्च
जोडला! बाबा खाटेवर, ट्युबा मांडीवर. अतुलने माप घेऊन वॉल्व्ह बरोबर डाव्या तर्जनीखाली आणलाय. खालचा सूर निघाला तशी मांडणीवरची ताटं वाजली. आई पदर डोळ्यांना लावून दारात उभी. मीही रडले, लपवू कशाला?

१९ मार्च
गाढव आहोत आम्ही! बाबा आज वाजवत चालायला लागले आणि कळलं — चालताना सगळं वजन डाव्या हातावर. बोट सुटतच नाही. बँडवाल्याच्या घरात जन्मलो, आणि माप घेतलं बसलेल्या माणसाचं!
वजन खांद्यावर घ्यायला पट्टा हवा. यवतमाळचा कारागीर जयंतीनंतर या म्हणतो. अतुल म्हणाला, गाडीवर खुर्ची ठेवू.
"मी का नवरदेव हाओ, बसून जाले?"


२६ मार्च
बाबा अंगणात वाजवत फिरत होते, खालचे सूर गाळत. मी धुणं वाळत घालत होते. सगळ्या चाली मला पाठ — लहानपणी बँडमागे काय कमी फिरले? ‘पोरीचं काम नोहे हे, दीपा,’ बाबांनीच सांगितलेलं. आज विचारलं नाही. जवळ गेले आणि गाळलेल्या जागी तो चौथा वॉल्व्ह दाबला. सूर निघाला! बाबा थांबले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या फेरीला मात्र डावी बाजू माझ्याकडे करून आले.

१३ एप्रिल
आईने बँडचा एक लाल कोट माझ्या मापाचा करून दिला. "लोकं हासतीन," मी म्हटलं.
बाबा म्हणाले, "हासू दे."

१४ एप्रिल
चौकात लोक आधी मलाच बघत होते. नंतर ऐकायला लागले. एक सूर हुकला नाही. पाय मोडून आलेत, झोपते.

२० एप्रिल
अतुल पट्टा घेऊन आला. बाबांचं बोट एकदम मोकळं. चालत चालत एकट्यानेच सगळं वाजवलं! मी ओट्यावर बसून ऐकलं. चांगलं वाजलं. कोट मी सकाळीच धुऊन ठेवला होता, परत द्यायला.
बाबांनी पट्टा सोडून अतुलच्या हातात दिला. "ठेव माळ्यावर."
"काहून?"
"बुधवारी घाटंजीले लगन हाय. दीपाले सांग, कोट इस्तरी करून ठेव."