अकरा नंबर कुठे होती?

५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवणारी बहीण तू पाहिली नसशील. आता पाहा. समोर आलास तर माझ्या जिभेला लगाम राहणार नाही, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

काल दुपारी प्रशिक्षक आमच्या औषधांच्या दुकानात गुडघ्याचा पट्टा घ्यायला आले होते. माझ्याकडे बघेनात. मापही दोनदा चुकीचं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की काय असेल ते सांगून टाका. मग कळलं. बास्केटबॉलच्या स्पर्धेला जाणाऱ्या बारा जणींच्या यादीत माझी लेक नाही. प्रशिक्षकांचं मत तिच्या बाजूने, सेक्रेटरींचं विरुद्ध, आणि तिसरं मत, जे क्लबने प्रेक्षकांना मानाने दिलेलं आहे, ते तुझं. पंधरा वर्षं तू त्या खुर्चीवर बसतो आहेस. सख्ख्या मामाने भाचीचा पत्ता कापला, आणि कापला कसा, तर खिशातून सहा गुलाबी कागद काढून.

ते कागद तुला मीच दिलेत. चौदा वर्षं मी सामन्याला गुण लिहिण्याच्या टेबलावर बसते, आणि गुणपत्रकाची खालची गुलाबी प्रत कुणालाच नको असते म्हणून घडी घालून तुला आणून देते. तू त्या फायलीला लावतोस, याचं मला कौतुक होतं. त्यातून तू बैठकीत वाचून दाखवलंस, अकरा नंबर: शून्य, दोन, शून्य, चार, शून्य, दोन. सहा सामन्यांत आठ गुण. माझ्याच अक्षरात माझ्याच मुलीविरुद्ध साक्ष. वर हसून असंही म्हणालास म्हणे, की अक्षर खुद्द तिच्या आईचं आहे, तेव्हा शंकेला जागा नाही.

संध्याकाळी तिला सांगितलं. तिने जर्सी धुतली, उलटी करून वाळत घातली, आणि आज सकाळी सांगितलं की येत्या रविवारचा सामना ठरलेला आहे तेवढा खेळते, मग जर्सी परत करून टाकते. स्पर्धा नव्हे, खेळच सोडायचं म्हणते आहे ती. सतरा वर्षांची पोर आदळआपट करते तेव्हा बरं असतं. ही गप्प आहे.

यादी पंधरा तारखेला जाते. तोवर तुला एकच प्रश्न विचारते. परवाच्या सामन्यात शेवटच्या क्षणी सात नंबरने बास्केट केली आणि आपण जिंकलो. तू खुर्चीवर उभा राहून ओरडत होतास, मला टेबलावरून दिसत होतं. त्या वेळी अकरा नंबर कुठे होती?

वहिनींना नमस्कार. त्यांचा यात दोष नाही. लोभ सध्या मागू नकोस, तो गुलाबी प्रतीबरोबरच बंद केला आहे.

तुझी
धाकटी बहीण


७ नोव्हेंबर

चि. सौ. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने देताना विचारलं की बहीण परगावी गेली का. काय सांगायचं मी त्याला?

तू रागावणार हे मला ठाऊक होतं आणि तरी मी मत दिलं, यातच काय ते समज. मी भाचीच्या बाजूने हात वर केला असता तर दुसऱ्या दिवशी सगळा क्लब म्हणाला असता की मामाने भाचीला घुसवलं. मी तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. लोक चहा पुढे करायचे, ओळखी काढायचे, आकडा थोडा कमी लिहा म्हणायचे. मी एकदाही लिहिला नाही. जो आकडा दिसला तो लिहिला. ती सवय मी तुझ्या लेकीसाठी मोडायची का?

आणि मला खेळ कळत नाही असं जे तू आडून सुचवते आहेस, ते तर फारच झालं. गेल्या एकवीस वर्षांतल्या प्रत्येक अंतिम सामन्याचे गुण मला तोंडपाठ आहेत. पंचाची शिट्टी वाजायच्या आधी मी सांगतो कशाची वाजणार. आमच्या बाकांवरची माणसं, वकील असो की बेकरीवाला, काही अडलं की मान वळवून माझ्याकडे बघतात. त्यांना काय खूळ लागलंय?

तुझा प्रश्न चुकीचा आहे. चेंडू सात नंबरकडे होता, तर अकरा नंबर कुठे होती याला काय करायचंय? असेल कुठेतरी. तिच्याकडे चेंडू येतो आणि हात भाजल्यासारखा ती तो दुसरीला देऊन टाकते. पोरगी उंच आहे, मेहनती आहे, मला पोटच्या पोरीसारखी आहे. पण सामना गुणांवर जिंकतात, मेहनतीवर नाही. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे आणि तुझे आकडे आजवर एकदाही चुकलेले नाहीत, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास.

जर्सी परत करू नको म्हणावं. असं तडकाफडकी सोडायला आपलं घराणं काही नाजूक फुलांचं नाही. राग आवर आणि प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते बंद करायची सोय माझ्याकडे नाही.

तुझा
दादा


८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून तुझ्या दाराच्या फटीतून सरकवते आहे. बेल वाजवणार नाही.

तर तुला माहीत नाही. एकवीस अंतिम सामने तोंडपाठ, आणि आपला गेला सामना माहीत नाही. ऐक. सात नंबरच्या मागे त्यांची सगळ्यात चपळ मुलगी लागली होती. अकरा नंबर तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. याला स्क्रीन म्हणतात, तुला शब्द माहीत असेल. दोन्ही पाय रोवून दगडासारखं उभं राहायचं, अंगावर येईल ते झेलायचं, आणि हलायचं नाही, कारण हललं तर आपलाच फाऊल. ती चपळ मुलगी हिच्यावर आदळली आणि सात नंबर मोकळी सुटली. बास्केट सातच्या नावावर मी लिहिली. अकराच्या बरगडीवर काळंनिळं आहे, ते लिहायला गुणपत्रकात रकाना नाही.

पहिल्या सत्रातही त्यांची चार नंबर हिला धडकून फाऊल झाली. तो फाऊल मी चार नंबरच्या नावापुढे लिहिला. कुणाला धडकून, ते कुठेच लिहायचं नसतं. तू मीटरचं म्हणतोस ना? मीटर खरंच सांगतो, पण तो फक्त वीज मोजतो. घरात माणसं किती आहेत हे त्यावरून कळत नाही.

खरं सांगू? हे सगळं मलाही त्या दिवशी दिसलं नव्हतं. मी टेबलावर असते, माझी नजर चेंडूवर आणि पेन कागदावर. हे प्रशिक्षकांनी दुकानात उभं राहून मला समजावलं, आणि मी पट्ट्याचा खोका हातात धरून वेड्यासारखी ऐकत राहिले. बरगडी शेकून दिली मी, पण कशाने लागलं हे धड विचारलं नव्हतं. तेव्हा तुझ्यावर जेवढी चिडले आहे तेवढीच स्वतःवरही. पण मी तिच्याविरुद्ध मत दिलेलं नाही. ते तू दिलंस.

रविवारी ती खेळणार आहे. एक काम कर. चेंडूकडे बघू नकोस. पूर्ण सामना फक्त अकरा नंबरकडे बघ. गुण किती झाले ते विचारू नकोस, ओरडू नकोस, शेजाऱ्यांना शिकवू नकोस. एवढं करून तुझं मत तेच राहिलं, तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही.

कळावे. लोभाचं रविवारनंतर बघू.

तुझी
धाकटी बहीण


१२ नोव्हेंबर

चि. सौ. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला खोटं पाडायचं म्हणून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. वहीसुद्धा नेली होती.

पहिलं सत्र मला जमलंच नाही. नजर अकरा नंबरवर ठेवायची आणि चेंडू उडाला की मान आपोआप तिकडे. तीन वेळा ठरवलं, तीन वेळा फसलो. स्वतःचाच इतका संताप आला की उठून नेहमीची जागा सोडली आणि बास्केटच्या मागे, कोपऱ्यात, फरशी पुसणाऱ्या मावशी स्टुलावर बसतात तिथे जाऊन उभा राहिलो. कुणी पडलं की घाम पुसायला धावतात त्या. गेली कित्येक वर्षं मी त्यांना पाहतो आहे आणि कधी शब्द बोललो नव्हतो. मी त्यांना म्हटलं की मला फक्त अकरा नंबर बघायची आहे, पण जमत नाही. त्यांनी सांगितलं की चेंडू बघायचाच नाही, फरशी बघायची. कोण कुठे पडतं ते बघायचं. अकरा नंबरची जागा त्यांना पाठ आहे, म्हणाल्या. बास्केटखाली डाव्या अंगाला, दर सामन्यात सहा-सात वेळा तिथे पोछा न्यावा लागतो. सात नंबरसाठी वर्षात दोनदा जावं लागलं असेल.

मग मी पाहिलं. मुंगे, ती सतत बोलते. मागे बघ, डावीकडे जा, मी आहे, मी आहे. इतकी वर्षं मी वरून ओरडत होतो म्हणून मला ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्या सत्रात तिने त्यांच्या दांडग्या नऊ नंबरला असा काही खांदा दिला की ती सरळ आडवी झाली, आणि आपली सात नंबर मोकळी पळाली. मी टाळ्या वाजवल्या. चेंडूचं काय झालं ते मावशींना विचारावं लागलं. शेवटी शेवटी तर ती चवताळल्यासारखी खेळत होती. मला रडू आलं, हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस. वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही.

काल सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले की नोंदवलेलं मत मागे घेता येत नाही. प्रतिनिधीने खुर्ची सोडली तरच ते रद्द होतं. मग एकास एक, आणि बरोबरी झाली की प्रशिक्षकांचा शब्द शेवटचा. वर त्यांनी डिवचलं की पंधरा वर्षांची खुर्ची भाचीसाठी सोडणार का. मी म्हटलं की भाचीसाठी नाही, मला खेळ कळत नाही म्हणून सोडतो. तेच वाक्य संध्याकाळी प्रेक्षकांच्या बैठकीत उभं राहून बोललो. दोनशे माणसं असतील. बेकरीवाला चिडून म्हणाला की मग आम्ही इतकी वर्षं कुणाला विचारत होतो. वकिलांनी तर मान फिरवली. ठीक आहे. चूक माझी, बोलणीही माझीच.

तुझी लेक यादीत आहे. प्रशिक्षकांनी नाव माझ्यासमोर लिहिलं. तिला सांग की मामाने तिचा खेळ पाहिला. जर्सी पिशवीतून बाहेर काढ म्हणावं.

आशीर्वाद कधीच थांबले नव्हते. तुझ्याकडचा लोभ उघडला असेल तर कळव.

तुझा
दादा


२५ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने तुझी पत्रं, आणि तुझ्याकडून मागून आणलेली तिची, अशी सगळी माझ्या बॅगेत ठेवली होती. इथे स्पर्धेच्या वसतिगृहात बसून एका दमात वाचली. माझ्याबद्दल तुम्ही दोघांनी एवढं लिहिलंत आणि मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून हे पाचवं पत्र.

आम्ही उपांत्य फेरीत हरलो. चार सामन्यांत माझे दोन गुण. तू विचारणार म्हणून आधीच सांगते.

सगळे म्हणतात की मामाने केवढं मोठं मन दाखवलं. आईसुद्धा आता तुझं नाव निघालं की शांत असते. मी नाही. मी रागावलेली आहे, आणि तुला ते नीट कळायला हवं. मी सहा वर्षं खेळते आहे. प्रत्येक घरच्या सामन्याला तू होतास. सामना संपला की पाठीवर थाप मारून म्हणायचास की पुढच्या वेळी एखादी बास्केट कर गं. मी हसायचे, कारण मला वाटायचं की मामाला सगळं कळतं, तेव्हा माझंच काहीतरी कमी असणार. ही सहा वर्षं खुर्ची सोडून भरून येत नाहीत.

आणि आता खरी गोष्ट सांगते. तो रविवारचा सामना माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सामना होता. तुझं मतच डोक्यात घोळत होतं. माझे पाय जागेवर राहत नव्हते. नऊ नंबरला मी आडवी पाडली ते स्क्रीन नव्हतं, मी हलत होते, सरळ फाऊल होता. पंचाची पाठ होती म्हणून वाचले. तू त्याला टाळ्या वाजवल्यास. अशा आणखी दोन ढकलाढकली केल्या मी. सामना संपल्यावर ती नऊ नंबर भिंतीला टेकून रडत होती, आणि मी जाऊन तिची माफी मागितली. प्रशिक्षकांनी नंतर बसवून चांगलंच खडसावलं, की असा खेळ पुन्हा दिसला तर यादीतून स्वतः काढीन. पुसणाऱ्या मावशींनी बुटांकडे बघून विचारलं, की आज काय झालं गं, फरशी रोजच्या जागी ओली नव्हती. तुझ्या शेजारीच होत्या त्या. तू त्यांना एवढंही विचारलं नाहीस, की ही नेहमी अशीच खेळते का.

म्हणजे माझा चांगला खेळ तुला सहा वर्षं दिसला नाही, आणि वाईट पाहून तू रडलास. याला मी काय म्हणू, सांग.

जर्सी मी परत करणार नाही. ते तुझ्यामुळे नाही, आईमुळेही नाही. उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी नीट उभी राहिले, दोन्ही पाय रोवून. आमची पाच नंबर सुटली, तिचा चेंडू रिंगवरून बाहेर आला, आणि आम्ही हरलो. तरीही मला तो क्षण पुन्हा पुन्हा आठवतो आहे. तो कुठल्याच कागदावर नाही आणि तू तिथे नव्हतास.

आठ तारखेला घरचा सामना आहे. तुझी राखीव जागा आता दुसऱ्याला गेली असेल, तेव्हा रांगेत उभं राहून तिकीट काढ आणि ये. मामीला नमस्कार. लोभ आहेच, राग किती दिवस टिकवायचा ते तुझ्यावर आहे. सामना संपल्यावर थाप मारू नकोस. मी कुठे चुकले ते सांग. बरोबर सांगितलंस, तर त्या दिवशी मी पहिल्यांदा म्हणेन की माझ्या मामाला खेळ कळतो.

तुझी
भाची