लाल मोटारीची गिअरपेटी

भोर,
मंगळवार, १४ मे १९५७

प्रिय अक्का,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आनंदरावांची लाल मोटार पाणी उकळून घाटात बंद पडली. ते चुकलं. पाणी उकळलं नव्हतं. तापलं ते गिअरपेटीतलं तेल. दाजींनी तुमच्या किकवी गावभर चुकीचं सांगण्याआधी त्यांना हे वाचून दाखव. बाबांनी आपल्याला घरीच अक्षरं शिकवली, चुकलं की पुसून पुन्हा लिहायला लावलं. माझी ती सवय काही जात नाही.

या अमेरिकन मोटारीला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. आतलं तेलच इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवतं. महाडकडून वरंध घाट चढताना ते सारखं घुसळलं जातं आणि तापतं. आनंदराव मात्र ट्रकवाल्यांसारखं बॉनेटवर ओलं गोणपाट टाकत बसले. गोणपाट वर, आग खाली!

दाजी इथं आले होते तेव्हा म्हणाले, "मोठा पंखा लावा की." पंख्याचा वारा पेटीपर्यंत पोचतच नाही. बाबांच्या मते तेलाची नळी रेडिएटरच्या पाण्यातून फिरवली की झालं. पण घाटात पाणीच एवढं तापतं, ते तेलाला किती गार करणार? मी हट्ट धरला: तेल आधी पाण्यातून न्यायचं, मग पुढच्या जाळीमागे बसवलेल्या वेगळ्या छोट्या रेडिएटरमधून. लष्कराच्या भंगारात तसा एक मिळाला. रॉकेलनं धुतला, हवा भरून पाण्यात बुडवला. बुडबुडा आला नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवला. बाबा म्हणाले, "आता साबण लावून न्हाऊ घाल त्याला."

आनंदराव आले ते आवाज चढवूनच. "सावळाराम, पोरीनं जोडलेल्या नळीवर मी घाट चढू?"

"तुमी नका चढू," मी म्हणाले. "म्या चढते."

ते हसले नाहीत. परत तापली तर गाडी दुरुस्तीला मुंबईला जाईल आणि ही पोर बाबांच्या या दुरुस्तीच्या शेडमध्ये पुन्हा दिसता कामा नये, असं म्हणाले. बाबांनी "कबूल" म्हणून टाकलं, मला न विचारता. त्या शब्दाचा राग अजून गेलेला नाही. भीतीही वाटते, दिवसातून दहादा नळीचे सांधे चाचपते. पण अट मलाही कबूल आहे.

हे सगळं लिहायचं कारण तुला सांगते. तू ठरवलेले पाहुणे येत्या रविवारी मला पाहायला येणार, आणि पोरीनं मोटारींचा नाद सोडलाय असं तू त्यांना परस्पर सांगितलंस. मी सोडलेला नाही. पदर घेऊन पाटावर बसायला मी घरी नसेन. शिकाऊ लायसन्स आहे, शेजारी बाबा असतील. शनिवारी आम्ही महाडला उतरू. आई म्हणते, "लोक काय म्हणतील, कळत न्हाई व्हय तुला?" कळतं. पाहुण्यांना मुलगी पाहायचीच असेल, तर घाटमाथ्यावर येऊन थांबायला सांग. सकाळचा गारवा मला नको. ऊन डोक्यावर आलं की मी चढायला लागेन, रविवारी, १९ मे रोजी.

तुझीच, न ऐकणारी,
फुला